जायफळाची 40 पैकी 19 झाडं नर निघाली : तोडायची, की त्यांनाच मादी करायचं?

माडाखालची_वाडी

माडाच्या बागेत चार माडांच्या मधोमध एक, अशी रोपांपासून वाढवलेली 40 जायफळं आहेत. माडातलं अंतर साडेसात मीटर. झाडांचं यंदा नववं वर्ष.

आजची स्थिती अशी : 19 झाडांना घोसाने फुलं येतात आणि सगळी गळून जातात. 16 झाडांना फळ धरतं. 5 झाडांना अजून फूलच नाही. घोसाच्या 19 पैकी एका झाडाला गेल्या वर्षी पाच-सहा फळं लागली, जरा लांबट आणि बारीक. फळ धरणाऱ्या 16 पैकी वहाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, चार झाडांची फळं सुपारीएवढी झाली की गळतात. जवळ नर कमी पडतोय का, अशी शंका आहे.

प्रश्न : नर-मादी खात्रीने कसं ओळखायचं? नर किती ठेवायचे? बाकीचे तोडून नवी कलमं लावायची, की त्याच खोडावर मादीचं कलम बांधता येतं? आणि ते पाच-सहा फळांचं झाड नेमकं काय आहे?

खुंट_आणि_काडी

ताई, रोपांच्या बागेत नर-मादी जवळजवळ निम्मे-निम्मे निघतात, त्यामुळे 19 हा आकडा अगदी अपेक्षित आहे. रोपवाटिकेने फसवलं असं समजू नका. पहिलं फूल येईपर्यंत रोप नर की मादी हे कोणीच सांगू शकत नाही. पान रुंद म्हणजे मादी, फांद्या वर जाणाऱ्या म्हणजे नर, लांबट बी म्हणजे नर, असे ठोकताळे वाडीवाडीत ऐकू येतात. त्यांवर विसंबून रोपं उपटू नका. पपईत पाच-सहा महिन्यांत फूल दिसतं आणि जादा नर काढून टाकता येतात. जायफळात तोच निकाल कळायला सहा ते आठ वर्षं जातात. म्हणूनच या झाडात लिंगाचा प्रश्न एवढा महाग पडतो.

आता ओळख. घोस ही फक्त पहिली खूण. नराची फुलं एका देठावर दहापर्यंत येतात, मादीची बहुधा एकटी किंवा दोन-तीन. पण नवख्या मादीवरही कधी तीन कळ्या एकत्र दिसतात आणि सुकलेल्या नराच्या घोसात एखादंच फूल शिल्लक असतं. म्हणून फूल कापून बघा. दोन्हींना पाकळ्या नसतात, फिकट पिवळ्या, मेणचट, तीन दातांच्या सुरईसारखं एकच आवरण असतं. संध्याकाळी उमलायला आलेलं फूल घ्या आणि दाढीच्या ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभं चिरा. मध्ये बारीक दांडा आणि त्याला उभे चिकटलेले आठ-बारा परागकोश दिसले तर नर. तळाशी फुगीर बीजांडकोश आणि त्याच्या डोक्यावर दोन ओठांसारखी कुक्षी दिसली तर मादी. बाहेरूनही फरक कळतो : नर फूल लहान आणि सडपातळ, मादी फूल जवळजवळ सेंटिमीटरभर आणि बुडाशी फुगलेलं.

एका फुलावर निकाल देऊ नका. प्रत्येक झाडाच्या तीन वेगवेगळ्या बाजूंची निदान वीस फुलं चिरा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच करा. मगच खोडावर रंगाचा पट्टा मारा. करवत लावण्याआधी हे दोनदा झालेलं असावं.

न फुललेली पाच झाडं मोजणीत धरू नका. नर सहसा आधी फुलतात, मादी मागून. त्या पाचांत मादी जास्त निघण्याची शक्यता आहे. त्यांच्यावर माडाची किंवा पोफळीची फार दाट सावली असेल तर तेवढी विरळ करा आणि अजून दोन वर्षं थांबा.

रामपत्री

नर किती ठेवायचे यावर लिहितो. सर्वसाधारण शिफारस दहा माद्यांना एक नर अशी आहे. तुमच्याकडे जादा नरांच्या खोडावर मादीचं कलम बांधून झाल्यावर माद्या 35 च्या आसपास होतील, म्हणजे चार नर पुरे. पण संख्येपेक्षा ते कुठे आहेत याला महत्त्व जास्त. चारही नर विहिरीकडच्या एका कोपऱ्यात राहिले तर पलीकडच्या टोकाला पराग नीट पोचणार नाही.

कारण परागीभवन करणारे जीव. जायफळाचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वास सोडतं आणि त्यात मध नसतो. दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासात मुंगीसारखे दिसणारे बारीक भुंगेरे हे काम करताना आढळले आहेत. ते फार लांबचा पल्ला गाठणारे नव्हेत. मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या तर माडाला उपयोग होईल, जायफळाचा प्रश्न त्याने सुटेलच असं नाही. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत जायफळावर किंवा खालच्या आंतरपिकावर कीटकनाशक मारू नका. खालचा पालापाचोळा पेटवून वाडी स्वच्छ करायची सवय असेल तर तीही सोडा, असले बारीक कीटक त्या पाल्याच्याच आसऱ्याने राहतात.

बागेचा कागदावर नकाशा काढा, 40 फुल्या मारा, नरांवर गोल करा आणि चार असे निवडा की बागेच्या चारही भागांत एकेक येईल. निवडताना फुलोऱ्याची वेळ बघा. आपल्याकडे मुख्य काढणी जून ते ऑगस्टमध्ये येते आणि फुलापासून फळ तडकेपर्यंत सुमारे नऊ महिने जातात. म्हणजे मुख्य पीक ज्यावर उभं आहे ती मादी फुलं पावसाळा संपता संपता आणि त्यापुढच्या दोन महिन्यांत येतात. त्या काळात भरपूर फुललेला नरच कामाचा.

पाच-सहा फळांचं झाड हा उभयलिंगी नर. जायफळात निव्वळ नर आणि निव्वळ मादी यांच्या मधल्या पायऱ्याही असतात : मुख्यतः नर फुलं आणि थोडी मादी, किंवा दोन्ही बऱ्यापैकी. काही झाडं पहिली काही वर्षं फक्त नर फुलं देतात आणि वय वाढल्यावर त्यांच्यावर तुरळक मादी फुलं दिसू लागतात. तुमचं झाड या जातीचं दिसतं. ते चार नरांमध्ये जरूर ठेवा, परागही मिळेल आणि मूठभर फळंही. पण त्याच्या काडीची, म्हणजे कलमासाठी कापलेल्या फांदीच्या टोकाची, कलमं करू नका. दोन्ही फुलं येतात म्हणून ते चांगलं, असा अर्थ होत नाही, पीक पाच-सहा फळांचंच राहील.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' ही जात एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं देते, पण ती भरपूर फळणाऱ्या झाडातून निवडलेली आहे. हा गुण कलमातून उतरतो. तिच्याच बिया रुजवल्या तर रोप कसं निघेल याची हमी नाही. 'कोकण स्वाद' ही मादी जात आहे, तिला शेजारी नर लागतो. नुसतं 'कोकणची सुधारित जात' म्हणून घेऊ नका, कोणती ते विचारून घ्या.

माडाखालची_वाडी

खूप स्पष्ट झालं. म्हणजे 15 नर बदलायचे. खोडावर कलम बांधण्याची रीत कोणी सविस्तर सांगेल का? गावातल्या कलमवाल्यांना आंब्याचा सराव आहे, जायफळाचा नाही.

खुंट_आणि_काडी

आंब्याचा हात असलेला माणूस हे करू शकतो, मात्र जायफळाच्या तीन खोड्या त्याला आधी सांगाव्या लागतील.

पहिली खोडी काडीची. आंब्यात कुठल्याही फांदीचं टोक चालतं. जायफळात उभ्या वाढणाऱ्या फुटीची काडी उभं झाड करते आणि आडव्या फांदीची काडी आयुष्यभर आडवीच पसरते. जमिनीवरच्या कलमात याचा त्रास जास्त, झाड एका बाजूला लोळतं आणि खाली टेकतं. तुम्ही मीटर-दीड मीटर उंचीवर बांधणार आहात, तिथे आडवी काडीही निभावते, छत्रीसारखा घेर होतो. तरी शक्य तितक्या उभ्या काड्या घ्या. मादी झाडावर त्या थोड्याच मिळतात, शेंड्याला आणि खोडावर सरळ वर येणाऱ्या फुटव्यांत. निवडलेल्या मादीचा शेंडा आदल्या वर्षी फूटभर छाटला की त्याखाली उभे फुटवे येतात. मातृवृक्ष ठरवतानाही घाई नको. सोळापैकी ज्यांवर फळं जास्त दिसतात त्यांची दोन हंगाम मोजदाद ठेवा आणि प्रत्येक झाडाच्या 50 सुक्या बिया व त्यांचीच सुकी जायपत्री वेगवेगळी तोला. ढीगभर फळं पण बारीक बी, अशी झाडं नुसत्या डोळ्यांना फसवतात.

दुसरी खोडी चिकाची. जायफळाच्या सालीतून लालसर रस येतो आणि काप बघता बघता काळा पडतो. काळा पडलेला काप जुळत नाही. म्हणून खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्याला, चीर आधी द्यायची, काडी मागून तासायची आणि लगेच बसवायची. मध्ये फोन आला तर काडी पुन्हा तासावी. पातं नवं हवं आणि दर कलमानंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसायला हवं.

तिसरी खोडी दमटपणाची. काडी पानांसकट बांधायची असते, त्यामुळे हवा कोरडी असेल तर ती आठवड्यात वाळते.

आता क्रम. जानेवारी-फेब्रुवारीत नराचं मुख्य खोड जमिनीपासून 1 ते दीड मीटरवर तिरकं कापा, म्हणजे पाणी साचणार नाही. कापाखालची एक फांदी पानांसकट ठेवा. ही पोशिंदी फांदी नसेल तर मुळं उपाशी राहतात आणि झाड वर्षभरात मरू शकतं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कापावर बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचा, लोखंडी भांडं नको. उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात द्या, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात साल भाजून तडकते. पाणी चालू ठेवा.

पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कापाखाली आठ-दहा फुटवे येतील. त्यांतले चार-पाच ठेवा, चारही बाजूंना विभागलेले, बाकीचे काढा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाची धार कमी झाली पण हवा ओली आहे, अशा उघडिपीत बांधणी करा. फुटवा पेन्सिलीएवढा जाड आणि अजून हिरवा असावा. तो पानांच्या वर आडवा कापून मधोमध 3 सेंटिमीटर उभी चीर द्या. काडी तेवढ्याच जाडीची, दोन-तीन पानांची. पानं निम्मी कापा. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी 3 सेंटिमीटर पाचरीसारखं तासा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, वर पारदर्शक पिशवी चढवून खाली बांधा आणि पिशवीवर वर्तमानपत्राची टोपी घाला. टोपी विसरली तर एका दुपारच्या उन्हात पिशवीत वाफ होऊन काडी शिजते.

महिनाभर हात लावू नका. नवा कोंब हललेला दिसला की पिशवी संध्याकाळच्या वेळी काढा. पट्टी तीन महिन्यांनी. उशीर झाला तर ती सालीत रुतते आणि वाऱ्याने तिथेच मोडतं. चारही कलमं जगली तरी शेवटी दोन-तीन जोमदार ठेवा. कलमाखालून नराची फूट सतत येत राहील, ती दर महिन्याला हाताने मोडा. दोन वर्षं याकडे दुर्लक्ष झालं तर नर पुन्हा वरचढ होतो आणि मादीची काडी आतल्या आत मरते. पोशिंदी फांदी कलम हातभर वाढल्यावर अर्धी, आणि पुढच्या वर्षी पूर्ण काढायची.

पंधराच्या पंधरा एका वर्षी कापू नका. पहिल्या वर्षी पाच करा, हात बसेल आणि सावलीचा तोलही एकदम जाणार नाही.

वहाळकाठ

वरच्या रीतीशी सहमत, पण ती सरसकट करू नये असं माझं मत. ज्या नराचं खोड पोकळ आहे, ज्याला फांदीमर लागली आहे किंवा जो माडाच्या इतका जवळ आहे की वर झावळ्यांची पडझड सतत होते, तिथे बांधलेलं कलम टिकत नाही. अशा ठिकाणी नरापासून मीटरभर अंतरावर चांगलं कलम लावा, नराच्याच सावलीत ते तीन-चार वर्षं वाढू द्या आणि मग नर काढा. जायफळाच्या लहान कलमाला सावली लागतेच, ती विकत आणायला नको.

कलमं घरीही होतात. पूर्ण पिकून तडकलेल्या फळांची बी जायपत्री काढून त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी रेतीच्या वाफ्यात दोन-अडीच सेंटिमीटर खोल लावा. वाळलेली, खुळखुळणारी बी रुजत नाही. रुजवा महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत पुढेमागे येतो. पहिलं पान फुटण्याच्या बेतात असताना, कोंब अर्धा सेंटिमीटर जाड झाला की त्यावर पाचर कलम. काडी वर सांगितल्याप्रमाणे दोन-तीन पानांची. 25 बाय 15 सेंटिमीटरच्या पिशवीत भरून वर प्लास्टिकची टोपी, गार सावलीत महिनाभर. बारीक कोंबावर जबरदस्तीने जाड काडी बसवली की एका बाजूची साल सुटते आणि बुरशी शिरते. शेतात लावायला कलम वर्षाचं होऊ द्यावं. खुंट म्हणून रामपत्रीचं, म्हणजे रानजायफळाचं, रोपही चालतं.

रामपत्री

वहाळाकडच्या चार झाडांचं राहिलं. ताई, तिथे नराची कमतरता नाही. बागेत सध्या 19 नर आहेत. आणि पराग मिळाला नसता तर फूल चार-आठ दिवसांत देठासकट पिवळं होऊन पडलं असतं, फळ सुपारीएवढं झालंच नसतं. ते झालं म्हणजे फलधारणा झाली, बिघाड नंतरचा आहे.

गळलेली दहा फळं उचलून बघा. देठाकडे काळपट, खोलगट डाग असतील आणि आतला गर तपकिरी असेल तर फळकूज. ओलसर, कोंदट जागेत ती जास्त येते, वहाळाकाठी तर हमखास. फळं अर्धी वाढली की 1 टक्का बोर्डो फवारायचं : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. गळलेली फळं आणि वाळक्या फांद्या उचलून बाहेर न्या. याउलट फळावर डाग नाही, नुसतं सुरकुतून पडतंय आणि हे मार्च ते मे दरम्यान होतंय, तर पाणी. जायफळाची खाणारी मुळं वरच्या थरात असतात. वहाळ जवळ आहे म्हणून जमीन खाली ओली असेल, पण वरचा वीतभर थर कोरडा असेल तर झाडाला त्याचा काय उपयोग? सहा इंच उकरून माती मुठीत वळा. वळत नसेल तर एका झाडाला खोडापाशी एकच ड्रिपर न ठेवता घेराखाली चार ठेवा आणि पाल्याचं जाड आच्छादन करा. तिथे कुदळ मारू नका.

खताचं मान : 15 वर्षांवरच्या झाडाला वर्षाला 50 किलो शेणखत, 500 ग्रॅम नत्र, 250 ग्रॅम स्फुरद, 1000 ग्रॅम पालाश. नवव्या वर्षी याच्या साधारण साठ टक्के धरा, म्हणजे युरिया 650 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 940 ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश 1 किलो, दोन हप्त्यांत. माडाला टाकलेलं खत जायफळाने खाल्लं असेल, हा हिशेब चालत नाही.

भिरंड_गोंय

भिरंडाच्या, म्हणजे रातांब्याच्या, झाडालाही हेच लागू का? आमच्या कुळागरात रोपांची बारा झाडं, पाच फळत नाहीत.

खुंट_आणि_काडी

तत्त्व तेच. कोकमातही रोपांतून सुमारे निम्मे नर येतात आणि रोपाला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. तुमच्याकडे फुलोरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा तपासा : नर फुलं घोसाने, मध्ये पुंकेसरांचा पिवळा झुपका. मादी फुलात मध्ये गोल हिरवा बीजांडकोश, वर पसरलेली कुक्षी. काडी इथेही उभ्या शेंड्याचीच. कोकमात आडव्या काडीचं झाड तर अक्षरशः जमिनीवर सरपटतं. 'कोकण हातीस' लावणार असाल तर ती मादी जात आहे, पाच नरांतला एक तरी राखा.

माडाखालची_वाडी

एक शेवटचं. नकाशा काढला. ईशान्येच्या कोपऱ्यात सातही झाडं मादी निघाली, तिथे ठेवायला नरच नाही. आता काय?

रामपत्री

तिथल्या सातांपैकी सगळ्यात कमी फळणाऱ्या मादीवर नराची एक काडी बांधा. बाजूच्या फांदीच्या हिरव्या टोकावर, वर सांगितलेल्या पाचर कलमानेच. इथे मुद्दाम आडव्या फांदीची काडी घ्या, म्हणजे ती शेंड्याशी स्पर्धा करणार नाही. घोस पाच-सहा फांद्यांवर येऊ लागले की पुरे, त्यापुढे दर वर्षी काढणी संपल्यावर ती तेवढ्याच आकारात छाटायची. कलमाच्या जोडावर रंगाचा जाड पट्टा मारून ठेवा, नाहीतर पुढे कोणीतरी 'न फळणारी फांदी' म्हणून तीच तोडेल.